माझं दोषारोपपत्र मीच लिहिलं

तहसील कचेरीतल्या कारकुनीतून निलंबित होऊन अकरा महिने झाले तरी माझ्यावर आरोप काय, हे कुणी लेखी कळवलं नव्हतं. तोंडी सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं: विहिरीच्या मंजुरीची एक फाईल माझ्या कपाटातून गहाळ झाली होती. पण दोषारोपपत्र हातात पडल्याशिवाय चौकशी नाही, आणि चौकशी झाल्याशिवाय माझी सुटका नाही. नांदुऱ्याला बहिणीकडे जायचं तरी आधी अर्ज द्यायचा. नुसता संताप यायचा.

एका रविवारी कचेरीतला शिपाई दारात सायकल लावून उभा. म्हणाला, "बाबू, साहेबानं इचारलं, दोषारोपपत्र कसं लिवतात? नमुना मांगतला."

तेव्हा उलगडा झाला! कारभार नुकताच मराठीत यायला लागला होता, आणि असले मसुदे मराठीत लिहिणं कचेरीत एकालाच जमायचं. तो मी. मलाच घरी बसवलेलं! मी पोट धरधरून हसलो. मग अंगात वारंच शिरलं.

"नमुना कशाले पायजे? आखा कागदच लिवून देतो. बस बे इथंच."

बायको आतून धावत आली. "येड लागलं काय तुमाले? आपल्याच हातानं आपल्यावर बालंट घेऊन राह्यले!"

"हाव. पण चौकशीची तारीख तं पडन!"

लिहायला बसलो तर हात थांबेना. कपाट उघडं टाकून जेवायला गेलो, हा आरोप. तो खराच होता, म्हणून तसाच लिहिला. खाली साक्षीदार, पुरावे, नियम, सगळं. साहेबांनी एक शब्द न बदलता सही केली. दुसऱ्या दिवशी तोच कागद रीतसर माझ्यावर बजावला गेला, आणि मी पोच अशी दिली, जणू बढतीचा हुकूम आलाय.

पाच आठवड्यांत चौकशी अधिकारी आले.

"आरोप मान्य?"

"मान्य, साहेब. अक्षरन् अक्षर."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कागद मात्र नीट लिहिलाय." मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पुढं ताकीद देऊन मला कामावर घेतलं.

पहिल्या दिवशी दोन-दोन पायऱ्या एकदम चढलो. व्हरांड्यात वरवट बकालकडचा एक तलाठी बसला होता, माझ्यासारखाच निलंबित, दीड वर्षापासून. मला पाहताच त्याचे डोळे भरून आले.

"आले का बाबू तुमी! आता माहा कागद होईन."

मी ऐटीत कपाट उघडलं, त्याची फाईल काढली. वर साहेबांचा शेरा होता, 'दोषारोपपत्राचा मसुदा तत्काळ सादर करावा.' त्याखाली कागद मिळाल्याची माझी सही. तारीख माझ्या निलंबनाच्या पाच महिने आधीची. पाच महिने तो कागद मीच सवडीनं करू म्हणून दाबून ठेवला होता.

डोक्यावरची टोपीही न काढता मी लिहायला बसलो. तो दारात हात जोडून उभा होता. मला वर बघवेना.