फाळाचं तेल

आमच्या शेजारणीचे केस कायम कोरडे असत. घरात येईल तेवढं करंजाचं तेल ती नांगराच्या लोखंडी फाळाला चोळी आणि फाळ भाताच्या तुसात पुरून ठेवी. तेव्हा सगळं लोखंड लढाईला जाई, त्यामुळे नवा फाळ कुठं मिळत नव्हता. नवरा वारल्यापासून तिचा दीर म्हणे, "वैनी, फाळ गंजला असंल. शेत आता मलाच करू दे."

एकदा तिनं फाळ काढून त्याच्यापुढं धरला. "बघा भावजी, तोंड दिसतं का तुमचं? नांगर मीच धरीन."

दीर आल्या वाटेनं परत गेला.

मला तिच्यासारखं तोंडावर बोलायचा धीर नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या डोक्यासाठी वाटीभर खोबरेल नेलं. तिनं एक बोट केसांना लावलं. "बस गो, एवढं पुरं," म्हणाली, आणि उरलेलं फाळाला चोळायला बसली.