दवाखान्याच्या आचाऱ्याची पाठ

माझी बायको शेवटी शेवटी शिरूरच्या एका दवाखान्यात होती, आणि तिथं ती जे काही पोटभर जेवली ते परक्या माणसाच्या हातचं जेवली. मला ते अजून सोसत नाही. आधीच सांगून टाकतो. हा म्हातारा त्या माणसाचं कौतुक करायला बसलाय असं कुणाला वाटायला नको.

तो माणूस म्हणजे दवाखान्याच्या किचनचा मुख्य आचारी. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, डोक्यावर जाळीची टोपी. मी गवंडी. शाळा चौथीत सुटली आणि थापी हातात आली. गाव आमचं यवतजवळ, पण लेक कारेगावला दिलेली, जावई रांजणगावच्या कंपनीत, त्यामुळं बायकोच्या पोटात गाठ निघाली तेव्हा दवाखाना शिरूरचा धरला. रात्री लेक थांबायची, दिवसा मी. घरी शेरडं होती, मुक्काम करता येत नव्हता.

पहाटे उठून मी मुगाची खिचडी शिजवायचो. आयुष्यात कधी चुलीपुढं बसलो नव्हतो, पण शिकलो. डबा फडक्यात बांधायचा, यवतवरून चौफुला, तिथून न्हावऱ्याच्या गाडीनं शिरूर. गाडीत डबा मांडीवर धरून बसायचो, ऊब राहावी म्हणून. पोचलो की तिच्या पुढ्यात ठेवायचा आणि समोर स्टूल ओढून बसायचं.

"खा की."

"खाते."

"खाते म्हणतीस आन् चमचा हाय तिथंच हाय."

मग ती एक घास घ्यायची. थांबायची. माझ्याकडं बघून अजून एक घ्यायची.

"बास. पोट भरलं वं माझं."

मांजराचं भरत नाही तेवढ्यात हिचं भरायचं. आणि संध्याकाळी मी निघालो की तो आचारी नाचणीची पेज घेऊन यायचा, ती मात्र वाटीच्या वाटी संपायची. लेक मला आनंदानं सांगायची, "आप्पा, आईनं कालबी सगळी पेज खाल्ली." तिला वाटायचं मला बरं वाटंल. एकदा पेज लवकर आली, हिला झोप लागलेली, तेव्हा मी ती बोटानं चाटून बघितली. मीठ नाही, तिखट नाही. आमच्या भिंतीच्या सिमेंट-वाळूच्या मालाला त्यापेक्षा चव असेल.

ती त्याला दादा म्हणायची. तो तिला आक्का.

एकदा माझी परतीची गाडी चुकली म्हणून मी पुन्हा वॉर्डात गेलो, आणि दारातच थांबलो. तो तिच्या खाटेला पाठ करून उभा होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीशी कांद्याच्या भावावर बोलत होता. इकडं माझी बायको वाटी तोंडाला लावून पेज पीत होती, एखाद्या पोरीसारखी. "झालं दादा," ती म्हणाली, तेव्हा कुठं तो वळला आणि वाटी घेतली. मला वाटलं, बघा, हा तिच्याकडं ढुंकून बघत नाही, आणि ही त्याच्या हातचं खाती.

पुढं ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो आला होता. मागं सतरंजीवर बसला, माझ्याशी दोन शब्द बोलला आणि गेला. माझी लेक त्याच्याजवळ रडली. माझ्याजवळ रडली नव्हती. ते पण मी बघून ठेवलं.

शेरडं विकली आणि मी कारेगावला लेकीकडं राहायला आलो. थंडीच्या दिवसांत त्याचा फोन आला.

"आबा, आमची दरवर्षी परिषद असती. दवाखान्यांच्या किचनवाल्यांची, वाढप्यांची, सगळ्यांची. औंदा रांजणगावच्या हाटेलात हाय, तुम्हाला जवळच पडंल. पेशंटच्या घरचं एक माणूस स्टेजवर बसवायचं ठरलंय. दोन शब्द बोलाल का?"

"कशावर?"

"जेवणावर. चांगलं, वाईट, जे असंल त्ये बोला."

मी व्हय म्हणालो. मला त्याला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती सगळ्यांच्या देखत विचारायची होती. माझ्या डब्यात काय नव्हतं जे त्याच्या वाटीत होतं.

लेकीनं शर्ट इस्त्री करून दिला. "आप्पा, तिथं काय वाकडं बोलू नका."

"मला सरळ कवा येतं?"

हॉटेल हायवेला, कंपन्यांचे पाहुणे उतरतात तसलं. खाली मोठ्या हॉलमध्ये दुकानं मांडली होती. जेवण गरम ठेवणाऱ्या ढकलगाड्या, चकचकीत कढया, भांडी धुवायची यंत्रं. एका टेबलावर गाजराचा लगदा करून तो परत गाजराच्याच साच्यात घातला होता, ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी. टायवाली पोरगी चमचा पुढं करून म्हणाली, "काका, टेस्ट करून बघा."

"माझं दात हायेत अजून," मी म्हणालो.

पुढं एका कोपऱ्यात दवाखान्याची खाट मांडली होती. पांढरी चादर, उशी, आडवं सरकणारं टेबल, त्यावर झाकलेलं ताट. खाटेवर कोणी नाही. माझे पाय तिथं अडकले. विकणारा धावत आला.

"बाबा, किती बेडचं हॉस्पिटल आहे आपलं?"

"एका," मी म्हणालो.

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला.

स्टेजवर मला मऊ खुर्ची दिली. आधी दोघं-तिघं बोलले, निम्मं इंग्रजी, मला कळलं नाही. आचारी माझ्या शेजारीच बसला होता, टोपी काढून, केसांना तेल लावून. मग एका बाईनं माझ्या हातात माइक दिला.

"माझी बायको ह्या माणसाच्या हातचं खायची," मी म्हणालो. "माझ्या हातचं खायची न्हाई. मी यष्टीनं डबा आणायचो. का खायची न्हाई, त्ये ह्यानं सांगावं. दुसरं मला काय बोलायचं न्हाई."

त्या बाईनं माइककडं हात केला, पण आचारी उठून उभा राहिला होता.

"आबा, माझ्या हाताला चव न्हवती. आम्हाला मीठच घालू देत न्हाईत." लोक थोडे हसले. तो हसला नाही. "पहिल्या दिवशी आक्कांनी माझ्यासमोरबी चमचा उचलला न्हाई. मी इचारलं, का वो? त्या म्हणाल्या, मालक दिवसभर समोर बसून माझं तोंड बघत्यात. घास गेला की त्यांचं तोंड उजळतं, न्हाई गेला की उतरतं. मी जेवू का त्यांना सांभाळू? दादा, तू तरी तिकडं बघ. तवापासनं मी वाटी ठिवली की पाठ करायचो. आता आमच्याकडं समद्यांना त्येच सांगतो. ताट ठिवा आन् वळा."

खाली बसलेले काही जण लिहून घ्यायला लागले. माझ्या बायकोचं बोलणं लिहून घेत होते.

माझ्या अंगाची आग झाली. सगळा संसार झाला आमचा, लेकरं झाली, एक लेकरू गेलं, घर मी माझ्या हातानं बांधलं, आणि हे एवढं बोलणं तिनं त्याच्याजवळ बोललं. मी समोर बसलो होतो की. मला म्हणायचं, तिकडं बघा. पण मी बघितलं असतं का तिकडं? नसतं बघितलं. ओळंब्याची दोरी सोडली की गवंड्यानं नजर हलवायची नसते, भिंत कधी पोट काढील सांगता येत नाही. मी बघतोय तोवर ही उभी आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

माइक अजून माझ्याच हातात होता.

"तुला पाठ करता आली," मी म्हणालो, "कारण ती तुझी कोण न्हवती."

"व्हय आबा," तो म्हणाला. "त्येच तर."

टाळ्या वाजल्या. त्याला वाजल्या की मला, कोण जाणे.

जेवणाला रांग होती. मी कडेच्या टेबलाशी बसून राहिलो, मला काही नको होतं. तो ताट घेऊन आला, भात, आमटी, एक चपाती. माझ्यापुढं ठेवलं, एक खुर्ची ओढली आणि माझ्याकडं पाठ करून बसला. पलीकडच्या कुणा पोराशी गॅसच्या शेगडीवर बोलायला लागला.

माझ्या ध्यानात आलं हा काय करतोय. ताट फेकून मारावंसं वाटलं. पण समोर त्याची पाठ होती आणि मी ती बघत बसलो. रुंद पाठ, मधोमध घामाचा ओला पट्टा, खांद्याशी शिवण उसवून पुन्हा घातलेली. शेवटी शेवटी तिनं जेवताना हेच बघितलं. माझं तोंड नाही, ही पाठ. कधी हात ताटात गेला कळलं नाही. भूक होती, ती गेल्यापासून नव्हती एवढी होती. आमटी अळणी नव्हती. सगळं संपलं तरी तो वळेना.

"झालं," मी म्हणालो.

तेव्हा वळला आणि ताट उचललं. "आबा, पुढच्या वर्षी पुण्याला हाय. येणार का?"

"न्हाई."

जावयानं गाडीवरून घरी आणलं. लेकीनं भाकरी टाकली होती, मेथी केली होती. ताट पुढं ठेवलं आणि गुडघ्यावर हनुवटी टेकवून समोर बसली, आई गेल्यापासून रोज बसते तशी.

"जेवून आलोय गं."

"तिथलं काय जेवण. खा की आप्पा."

पोटात जागा नव्हती. मी तुकडा मोडला, तोंडात घातला, गिळला. तिचं तोंड उजळलं. डोळ्यांपाशी तिच्या आईसारखंच उजळतं. मी थांबलो, तिच्याकडं बघितलं आणि अजून एक गिळला.

मग मला माझ्या डब्यातले ते रोजचे दोन घास आठवले. ते काही भुकेचे नव्हते. घशाखाली उतरत नसताना, माझ्या तोंडाकडं बघून, तिनं ते खाली ढकलले होते. पेजेच्या वाट्या त्या माणसाच्या, त्याला लखलाभ. हे घास माझे होते. तो पाठ करून उभा राहणारा, त्याला तसला एक पण मिळाला नाही.

"बास," मी लेकीला म्हणालो. "पोट भरलं माझं."