वेगाचे भक्त

फ्युचरिस्ट चित्रकारांचा मला राग आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या, कधीच मरून गेलेल्या इटालियन माणसांवर कुणी इतकं चिडतं का, असं माझा नवरा विचारतो. मी चिडते.

पुण्यात चित्रकला शिकत होते तेव्हा ते आम्हाला परीक्षेला होते. मोटारी, विमानं, विजेचे दिवे, कारखान्यांचा धूर यांतच खरं सौंदर्य आहे असं ते मानत. जुनी संग्रहालयं जमीनदोस्त करा म्हणत. युद्धाने जग स्वच्छ होतं, असंही म्हणत. हे शेवटचं आमच्या नोट्समध्ये एका ओळीत उरकलेलं होतं.

लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर मी नेदरलँड्सला आले. तो डेल्फ्टमधल्या एका कंपनीत मोटारींचं सॉफ्टवेअर लिहितो. आम्ही फोरबर्गला राहतो आणि तिथल्या बुर्टहाउसमध्ये, म्हणजे वस्तीच्या समाजमंदिरात, मी मोठ्या माणसांना चित्रकला शिकवते. गेल्या उन्हाळ्यात क्लास संपवून सायकलने घरी येत होते. कालव्याच्या कडेच्या वळणावर समोरून एक फॅटबाइक आली. जाड टायरची ती इलेक्ट्रिक सायकल, मोटरसायकलची हाव असलेली. तिच्या हँडलने मला उडवलं. चालवणाऱ्याने पुढे जाऊन एकदा मागे वळून पाहिलं आणि तो निघून गेला. माझं उजवं मनगट मोडलं होतं. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी लागली. कित्येक आठवडे मला वेणीसुद्धा घालता येत नव्हती. नवरा घालायचा, वाकडीतिकडी.

प्लास्टर निघाल्यावर थोड्याच दिवसांनी नवऱ्याच्या कंपनीने सगळ्यांना कुटुंबासकट एका संग्रहालयात नेलं. तिथे फ्युचरिस्टांचं प्रदर्शन लागलं होतं. नवऱ्याच्या साहेबाला मी चित्रकार असल्याचं माहीत होतं. त्याने आधीच निरोप पाठवला होता : कलावंतांनी नव्या तंत्रज्ञानाचं कसं स्वागत केलं, यावर चार शब्द बोलाल का? आमच्या लोकांना हुरूप येईल.

"चांगलं बोल हं," नवरा ट्राममध्ये म्हणाला. "वाद नको."

"बघू," मी म्हटलं.

दालनात शिरले आणि हात दुखायला लागला. भिंतीभर चाकं, वाफ, प्रकाशाच्या चिरफळ्या. एका कॅनव्हासवर मोटार सुसाट चाललेली, तिच्या वेगाने रस्ता, घरं, आकाश सगळं फाटत गेलेलं. वाईट चित्रं नव्हती, हे आधी सांगते. एका कोपऱ्यात रस्त्यावरच्या दिव्याचं छोटं चित्र होतं, पिवळा रंग नुसता सांडलेला. त्याच्यासमोरून माझा पाय निघेना, आणि त्यामुळे तर मी जास्तच चिडले. इतकं बघता येणाऱ्या डोळ्यांना बाकीचं दिसलं कसं नाही?

साहेब उंच, हसतमुख डच माणूस. त्याने माझी ओळख करून दिली, आणि स्वतःच सुरू झाला. हे लोक त्या काळचे आपणच, वगैरे. घाबरले नाहीत, मागे वळून बघितलं नाही. मग मला म्हणाला, "बोला."

मी इंग्रजीत बोलले. म्हटलं, "या मोटारीच्या चित्राकडे बघा. चालवणाऱ्याला कसं वाटतं ते यात सगळं आहे. आता रस्ता ओलांडणारा माणूस शोधा."

काहीजण खरोखरच वाकून शोधू लागले.

"नाही सापडणार," मी म्हटलं. "त्याचं काय होतं, यात या चित्रकाराला रसच नव्हता."

साहेब हसतच म्हणाला, "पण ही वेडी माणसं नसती तर आज आपण इथे नसतो. तुमच्या मिस्टरांचं कामही नसतं."

"मोटार यांनी बनवली नाही," मी म्हटलं. "बनवणारे वेगळे होते. यांनी टाळ्या वाजवल्या. मोटारीला वाजवल्या, तोफेलाही वाजवल्या. लढाई सुरू झाली तेव्हा यांतले काहीजण हौसेने गेले. नंतर फॅसिस्टांच्या मागेही गेले. तुम्ही ज्याला हुरूप म्हणता, तो हा."

नवरा चकचकीत फरशीकडे बघत होता. साहेबाने माझे आभार मानले आणि कॉफी खालच्या मजल्यावर ठेवली आहे असं सगळ्यांना सांगितलं. कॉफी घेताना माझ्याजवळ कुणी आलं नाही. मलाही कुणी नको होतं.

परतीच्या ट्राममध्ये नवरा खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मी काय काम करतो, माहितीये तुला?"

"मोटारींचं सॉफ्टवेअर."

"ब्रेकचं. समोर माणूस आला तर चालवणाऱ्याच्या आधी गाडीने थांबावं, यासाठी मी दिवसभर डोकेफोड करतो. आणि तू मला सगळ्यांसमोर त्या तोफवाल्यांच्या रांगेत बसवलंस."

एवढी वर्षं त्याचं काम मला ढोबळच माहीत होतं. मला वाईट वाटलं, पण रागही गेला नाही.

"मग हे तू तिथे का नाही बोललास? तुझा साहेब तुला त्यांच्यात बसवत होता. मी नाही."

पुढचे कितीतरी दिवस आमचं बोलणं भाजी काय आणायची आणि कचऱ्याचा कंटेनर कुणी बाहेर ठेवायचा, एवढ्यावर आलं होतं.

हिवाळा लागल्यावर एकदा तो ऑफिसातून आला, जॅकेटही न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला. साहेबाने नव्या प्रॉडक्टच्या प्रेझेंटेशनला ते मोटारीचं चित्र पहिल्याच स्लाइडवर लावलं होतं.

"मी मीटिंगमध्ये म्हटलं, हे काढा. आपण थांबणारी गाडी विकतोय, आणि हे चित्र थांबण्याच्या विरुद्ध आहे."

"मग?"

"म्हणाला, लोकांना चित्र आवडतं."

"काढलं?"

"नाही काढलं."

त्याने जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं. चेहरा लाल झाला होता, थंडीने की रागाने, कळेना. मी पोळ्या करत होते. तो ताट घेऊन शेजारीच उभा राहिला आणि साहेबाला मराठीत एकेक शेलकी शिवी देत तव्यावरची पोळी उतरेल तशी खाऊ लागला. त्याला इतकं चिडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मी त्याला अडवलं नाही. पुढची पोळी लाटायला घेतली आणि त्याला न सुचलेल्या एकदोन शिव्या माझ्याकडून घातल्या.