उजवीकडे चौदा फेरे

आमच्या पाणीखात्यात काम शिकायची एकच रीत आहे. जुन्या माणसाच्या मागे फिरायचं, तो सांगेल ते कानात साठवायचं आणि कागदाच्या नादी लागायचं नाही. ही रीत कुठे लिहिलेली नाही. लिहिलेली असती तरी आम्ही वाचली नसती.

मी चावीवाला. खांद्यावर पाच फुटी लोखंडी चावी घेऊन फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, खालच्या व्हॉल्व्हवर चावी बसवायची आणि फेरे मोजत पाणी सोडायचं नाहीतर बंद करायचं. डावीकडे फिरवला की व्हॉल्व्ह उघडतो, उजवीकडे फिरवला की बंद होतो. माझ्या भागातले एकशे बारा व्हॉल्व्ह मला तोंडपाठ होते. कुठल्याला किती फेरे, कोण रुसतो, कोण गळतो, काहीही विचारा. अशा माणसासमोर साहेबांनी कॉलेजातली एक पोरगी आणून उभी केली आणि म्हणाले, "हिला सहा महिने शिकवा." माझं डोकंच फिरलं.

"काय शिकतेस?" मी विचारलं.

"इतिहास. बी.ए.चं शेवटचं वर्ष. आमच्याकडे पदवीसाठी सहा महिने हाताने काम करावं लागतं. काम ज्याचं त्याने निवडायचं."

"आणि तू पाणी निवडलंस? वाचनालयात जागा नव्हती?"

"वाचनालयात मी एरवीही जातेच, काका."

उत्तर चोख होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी तिचं नाव 'बी.ए.' ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत ते डेपोभर झालं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्ही सातवी नापास आणि बी.ए. तुमच्या हाताखाली! मिरवा की." कौतुक कुठे संपतं आणि टोमणा कुठे सुरू होतो, हे आमच्या हिच्या बोलण्यात तीस वर्षांत मला कळलेलं नाही.

मला वाटलं होतं, पोरगी आठवड्यात पळेल. पहिल्या आठवड्यात तिच्या तळहातांना फोड आले. दुसऱ्या आठवड्यात झाकण हातातून निसटलं आणि पायाचा अंगठा थोडक्यात वाचला. तिसऱ्या आठवड्यात ती फेरे मोठ्याने मोजायची आणि रस्त्यावरची माणसं तिच्याबरोबर मोजायची, तेव्हा मी तिला मनात मोजायला शिकवलं. पळाली मात्र नाही. मग मीही जरा विरघळलो आणि तिला आमच्या धंद्यातली खरी विद्या दिली. चावी व्हॉल्व्हवर बसवून तिच्या दांड्याला कान लावायचा. व्हॉल्व्ह पुरता उघडा असेल तर पाणी घुमतं, थोडासाच उघडा असेल तर शिट्टी मारतं. महिन्याभरात तिचा कान असा तयार झाला की मला आतल्या आत धास्ती वाटायला लागली.

आता वरच्या गल्लीचं सांगतो. टेकाडावर एकशे दहा पायऱ्या चढून गेलं की चाळीस घरं लागतात. तिथे नऊ वर्षं पाण्याची नुसती धार, तीही दोऱ्याएवढी. माणसं नळ उघडे ठेवून खाली बादल्या मांडायची आणि कामाला जायची. संध्याकाळपर्यंत अर्धी भरली तर नशीब. शेवटी कार्यालयाने ठरवलं की तिथली लाइन आतून गंजून बुजली आहे. महिनाअखेरीला ती कायमची बंद करायची आणि पायऱ्यांखाली सगळ्यांना मिळून एक नळ द्यायचा. विषय संपला.

विषय शिलाईवाल्या ताईंचा संपत नव्हता. ताई शेवटच्या घरात एकट्या राहायच्या, शाळेचे गणवेश शिवायच्या आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. "या पायऱ्यांवरून मला कळशी चढवता यायची नाही," त्या शेजारणीला म्हणाल्या. "लाइन बंद झाली की मला घर सोडावं लागेल. अख्खा जन्म काढलाय मी या घरात." एवढं बोलून मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि मला, माझ्या हातांना आणि माझ्या चावीला जे काही सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दर आठवड्याला सुनावायच्या. आणि दर वेळी मी खाली येऊन पायऱ्यांखालचा व्हॉल्व्ह डावीकडे आणखी आवळून खात्री करून घ्यायचो. पुरता उघडा. माझा काय दोष?

त्या दिवशी मी ताईंचं ऐकून खाली आलो, तर खालीच थांबलेल्या बी.ए.ने त्या व्हॉल्व्हवर चावी बसवून कान लावला होता. "काका, हा शिट्टी मारतोय."

"पुढची लाइन बुजलीये ना."

"मग आवाज पुढे यायला हवा. इथे, व्हॉल्व्हमध्येच का येतोय?"

"शहाणपणा वर्गात," मी म्हणालो आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवसापासून बी.ए. जेवणाच्या सुट्टीत गायब व्हायला लागली. डेपोच्या कोठीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात पन्नास वर्षांच्या नोंदवह्या आहेत आणि ते कपाट उघडायचं कारण आजवर फक्त उंदरांना पडलं होतं. ही तिथे बसून वह्या वाचायची आणि शिंकायची. आम्ही बाहेर बसून तिच्या शिंका मोजायचो. चौथ्या दिवशी ती एक वही घेऊन आली आणि माझ्या डब्याशेजारी उघडून ठेवली. अकरा वर्षांपूर्वीची नोंद होती, माझ्या आधीच्या चावीवाल्याच्या हातची: 'पायऱ्यांखालचा व्हॉल्व्ह तुटला. दुसऱ्या विभागाकडून आलेला बसवला. उजवीकडे चौदा फेरे. पाणी चालू.'

मी हसलो. "म्हातारा चुकला. उजवीकडे बंद होतो."

"मलाही तेच वाटलं. एकाच कागदावर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. म्हणून दुसरा शोधला." तिने तक्रारींची वही पुढे केली. "हा व्हॉल्व्ह बसवल्यावर दोन वर्षं वरच्या गल्लीची एकही तक्रार नाही. पहिली तक्रार ही. मग थांबतच नाहीत."

तारीख वाचली आणि माझा घास तोंडातच राहिला. मी त्या भागाचा ताबा घेतल्याला तेव्हा आठ दिवस झाले होते.

आणि त्या आठ दिवसांत मी काय केलं होतं, ते मला लख्ख आठवलं. नवा उत्साह होता. जे व्हॉल्व्ह कायम उघडे असायला हवेत ते एकेक तपासत गेलो होतो आणि प्रत्येक डावीकडे थांबेपर्यंत फिरवला होता. माझ्या आधीच्या चावीवाल्याशी माझं पटत नव्हतं. ती जागा त्याला भाच्यासाठी हवी होती. जाताना चावी टेबलावर आपटून गेला, एक शब्द बोलला नाही. पण लिहून गेला होता बिचारा. दुसऱ्या विभागाकडून आलेला तो व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचा, म्हणजे उजवीकडे उघडणारा असणार, आणि मी ते वाचलं नव्हतं. म्हणजे नऊ वर्षं ताई ओरडायच्या आणि मी खाली येऊन त्यांचंच पाणी आणखी घट्ट बंद करायचो. झिजलेल्या व्हॉल्व्हमधून गळायचं, तेवढंच त्यांना मिळायचं.

ते कपाट पुन्हा लावून टाकावं, असं माझ्या मनात आलं. लाइन बंद व्हायला तीन दिवस होते. कुणाला कळलं असतं? पण बी.ए. माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत आरोप नव्हता. नुसती घाई होती.

"चला ना काका, फिरवून बघू."

"थांब," मी म्हणालो. "नऊ वर्षं आवळलेला आहे. झटका दिलास तर व्हॉल्व्हचा दांडा तुटेल आणि आहे ती धारही जाईल." इथे तिचं पुस्तक संपलं आणि माझं सुरू झालं. तेल सोडलं. हातोडीने हलकेच टिचक्या मारल्या. तासभर थांबलो. मग दोघांनी चावी धरली. पाव फेरा उजवीकडे, हात सैल. पुन्हा पाव फेरा, पुन्हा सैल. दांडा असा करकरला की माझ्या अंगावर काटा आला. "जोर नको लावूस, त्याला समजावून घे," मी म्हणत होतो आणि ती अगदी तसंच करत होती. दुसऱ्या फेऱ्याला तो सुटला. पाचव्याला शिट्टी जाडी झाली. आठव्याला बी.ए.ने कान लावला आणि डोळे मिटले. चौदाव्याला व्हॉल्व्ह थांबला.

"घुमतोय, काका!" ती ओरडली. "घुमतोय!"

तेवढ्यात वरून किंकाळ्या ऐकू आल्या. चाळीस घरांतले नळ उघडे होते, सवयीप्रमाणे. बादल्या उलथल्या, घरं भरली आणि पाणी उंबरे ओलांडून पायऱ्यांवरून खाली आमच्या अंगावर यायला लागलं. बी.ए. चपला हातात घेऊन वर पळाली, नळ बंद करायला.

पायऱ्यांवर पाणी आल्याची बोंब ऐकून साहेब गाडीतून उतरले तेव्हा मी घोट्याएवढ्या पाण्यात उभा होतो. तोवर ती खाली येऊन नोंदवहीत आजचं काम लिहायला लागली होती. मी तिच्या कानाशी लागलो. "लिही, व्हॉल्व्ह अडकला होता, मोकळा केला."

तिचं पेन थांबलं. "काका, असं लिहिलं तर तुमच्यानंतर येणारा पहिल्याच आठवड्यात तो परत डावीकडे आवळेल."

तिने मला चांगलं वागायला सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. पण हे आमच्या धंद्यातलं बोलणं होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं.

"साहेब, व्हॉल्व्ह उलटा आहे," मी म्हणालो. "नऊ वर्षं मी तो उघडा समजून बंद करत होतो. वहीत लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. हिने वाचलं."

साहेबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. लाइन बंद करायचा हुकूम त्यांनी तिथेच रद्द केला आणि माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. तो मी दिला. बी.ए.ने त्यातल्या सतरा चुका सुधारल्या.

पण त्याआधी मी एकशे दहा पायऱ्या चढलो. ताई दारात खुर्ची टाकून, पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या आणि आत यंत्राखालून पाणी वाहत होतं. मी सगळं सांगितलं. आसपासची माणसं दाराशी जमली.

"म्हणजे मी ओरडले," ताई सावकाश म्हणाल्या, "की तुम्ही खाली जाऊन आणखी बंद करायचात?"

"हो."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आणि मी मनाला लावून घ्यायचे हो, की भल्या माणसाला उगाच बोलते!" सगळी गल्ली हसली. मला इतकी लाज आणि इतका आनंद एकदम कधी वाटला नव्हता.

बी.ए. समोरच्या घरातून बाहेर आली, कोपरापर्यंत भिजलेली. ताईंनी मान वळवली. "ही कोण?"

ती सांगायला लागली, "मी इतिहासाची विद्यार्थिनी, इथे फक्त सहा महिने..."

मी तिचं बोलणं मध्येच तोडलं आणि खांद्यावरची चावी तिच्या हातात दिली.

"चावीवाली आहे," मी म्हणालो. "या भागाची."