अर्धा चेहरा काळा ठेवणारे काका

काका दुकानात आले की आधी ट्यूबलाइट बंद करायचे. गिऱ्हाईक समोर उभं असो, मी पावती फाडत असो, त्यांना फरक पडत नव्हता. मग टेबलावरचा दिवा भिंतीकडे वळवून त्या तिरप्या उजेडात कॉम्प्युटरसमोर बसायचे. "सपाट उजेडात माणूस रेशनकार्डावरच्या फोटोसारखा दिसते," म्हणायचे.

माझं साकोलीत फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. बपेऱ्याहून एक बॅग घेऊन आलो आणि कुणाच्या शिफारशीशिवाय ते उभं केलं. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. काका जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंगं काढली, निवृत्तीनंतर साकोलीत घर बांधलं आणि वेळ जाईना म्हणून माझ्याकडे डिझाइन करायला येऊ लागले. मी त्यांना "जयभीम, काका" म्हणायचो, ते मला "शेठ". दुकानात तेव्हा एकच खुर्ची होती आणि तिच्यावर ते बसायचे, त्यामुळे तो शब्द मला टोचायचा.

त्यांना वेड होतं गुन्हेगारीच्या चित्रकथांवरून काढलेल्या इंग्रजी सिनेमांचं. नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनी चित्रकथांची पुस्तकं आणायचे आणि त्याच गोष्टीचा सिनेमा कॉम्प्युटरवर लावायचे. पुस्तक मांडीवर, सिनेमा थांबवलेला. पानावर खिडकीच्या पट्ट्यांची सावली माणसाच्या तोंडावर तिरपी पडलेली असायची. पडद्यावरही तीच, त्याच जागी. काका गुण्या लावून दोन्हींचा कोन तपासायचे.

"पाह्य शेठ, पुस्तकातला माणूस हलत नाही. म्हणून चित्रकाराले सारं सावलीतून सांगा लागते. सिनेमावाल्याजवळ हलता माणूस होता, तरी त्यानं त्याले उभा ठेवला. याले हिंमत लागते."

एका सिनेमात सगळं शहर काळंपांढरं होतं, पाऊससुद्धा पांढऱ्या रेघांचा, आणि एका बाईचा झगा तेवढा लाल. तो लाल डोळ्यांत इतका कसा भरतो, मी विचारलं.

"बाकीचे रंग काढले म्हणून. तू लगनाच्या बॅनरवर सतरा रंग टाकते. त्यातला एक तरी आठवते का?"

आठवत नव्हता. पण नुसता काळोख असला की काका खूश, असंही नव्हतं. एका सिनेमात कोण कुणाला मारतं आहे तेच दिसेना, तेव्हा म्हणाले, "हा अंधार नाही. यायनं लाइट भाड्यानं आणले नाहीत." त्यांच्या डिझाइनमध्ये मात्र काळा रंग वाढत गेला. मी चिडून म्हणालो, "काका, काळी शाई फुकट येत नाही."

"पांढऱ्याले तर शाई लागतच नाही. तिथं वाचव."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक असतं. नाटकाच्या बॅनरची रीत पक्की आहे: सगळ्या कलावंतांचे चेहरे, त्यांच्याहून मोठा मंडळाच्या अध्यक्षांचा, खाली शुभेच्छुकांच्या रांगा. जवळच्या एका गावच्या अध्यक्षांनी मला शब्द दिला होता की हा बॅनर जमला तर आजूबाजूच्या दहा गावांचं काम तुझं. त्या कामासाठी मी महिनाभर त्यांच्या दारात चपला झिजवल्या होत्या. नाटक खुनाच्या तपासाचं. मी फ्लेक्सचे रोल आणायला भंडाऱ्याला गेलो, आणि काकांनी बॅनर छापून मंडळाच्या माणसांच्या हाती दिला.

सगळी पार्श्वभूमी काळी. तिरप्या पांढऱ्या रेघांचा पाऊस. नायिकेच्या कपाळावरचं कुंकू तेवढं लाल. चेहरे रीतीप्रमाणे सगळे होते, पण काळेपांढरे, अर्धे सावलीत. मधोमध सर्वांत मोठे अध्यक्ष.

चौकात काळ्यापांढऱ्या फोटोचा बॅनर कशासाठी लागतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. काकांनाही माहीत होतं. डिझाइन करताना त्यांना फक्त सावली दिसत होती. सकाळी कुणीतरी चौकात लावलेला बॅनर बसमधून पाहिला, अध्यक्षांच्या सासरी फोन गेला, आणि दहाच्या सुमारास त्यांची साली रडत रडत जीपमधून त्यांच्या दारात उतरली. अध्यक्ष अंगणात दाढी करत होते.

"काहून रडून राहिली?"

"भाऊजी, तुमी आहा?"

"मग कोण आहे?"

अध्यक्ष अर्धी दाढी तशीच ठेवून माझ्या दुकानात आले. "जिताजागता मारलं बे तुमी मले," एवढंच म्हणाले. दहा गावं गेली.

मी काकांना गिऱ्हाइकांसमोर बोललो. "तुमचे सिनेमे घरी पाहत जा. मी इथं चेहरे विकतो, सावल्या नाही." आणखीही बोललो, ते लिहीत नाही.

काका उठले. "चूक माहीच आहे, शेठ. माणूस जिवंत आहे, हे ध्यानात ठेवाले पाह्यजे होतं. पण तू बॅनर पाह्यला का?"

पाहिला नव्हता. संध्याकाळी उतरवायला गेलो तेव्हा चौकात दहाबारा लोक त्याच्यासमोर उभे होते. अध्यक्ष जिवंत आहेत हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, तरी उभे होते. मीही उभा राहिलो.

माझा स्वभाव असा की आज भांडतो, उद्या पुन्हा बोलणी सुरू करतो. काका उद्या आले नाहीत, परवाही नाहीत. महिन्याभरानं वडशाच्या एका नाटक कंपनीच्या मालकाचा फोन आला. त्यांनी त्या बॅनरचा फोटो मोबाइलवर पाहिला होता. अख्ख्या हंगामाचे बॅनर तसेच हवे होते. मी काकांच्या घरी गेलो.

"करतो," काका म्हणाले. "पण नायिकेचा चेहरा सोडून दुसरा एकही नाही."

मी दहा चेहऱ्यांपासून सुरुवात केली. काकूंनी चहा ठेवला. मी पाचावर आलो, मग दोनावर. "मालक आणि हिरो, एवढे तर राहू द्या."

"शेठ, मी भाव नाही करून राहिलो."

"मग काय करून राहिले?"

"चित्र कसं होईन ते सांगून राहिलो."

मी चहा तसाच ठेवून उठलो. सौद्यात उठून जाणं ही बोलणीच असते; समोरचा फाटकापर्यंत जाऊ देतो आणि हाक मारतो. मी सावकाश चाललो. फाटकाची कडीही सावकाश काढली.

तो हंगाम मी रंगीत चेहऱ्यांच्या रांगांनी भागवला. वडशाचे मालक पुन्हा आले नाहीत. काका पुण्याला मुलीकडे राहायला गेले, आणि दोन वर्षांनी ते वारल्याचं काकूंनी फोनवर कळवलं.

मी त्यांना दुखावलं असं लोक म्हणतात. दुखावलं असेल. पण माझीही तक्रार आहे. दहावरून दोनावर आलेला माणूस शून्यावर येणारच होता. इतकी वर्षं माझ्या दुकानात बसून त्यांना एवढं कळायला हवं होतं. एक हाक मारायची होती.