राजाच्या कानातली कुडी

आमचे हे बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. पट्ट्यावरून झाकणं सरकत जातात आणि ज्यावर ओरखडा किंवा पोचा दिसेल ते उचलून हे टोपलीत टाकतात. दिवसभर असे दोष काढून घरी आल्यावर माणसाने जरा डोळे मिटावेत. पण हे भिंग काढतात आणि चांदीच्या जुन्या नाण्यांतले दोष शोधत बसतात. फरक इतकाच, की कारखान्यात दोष सापडला की कपाळाला आठ्या पडतात आणि घरी सापडला की खुशीत येऊन चहा मागतात.

नाणी जमवतात म्हणजे वेगवेगळी जमवत असतील, असं मला आधी वाटायचं. लग्नानंतर पेटी उघडून पाहिली तर सगळी एकाच राजाची, एकाच सालाची. यांनी समजावलं, की टांकसाळीत नाणी ठोकायचे पोलादी ठसे झिजतात, तडकतात, मग नवे करावे लागतात, आणि प्रत्येक ठशाची काही ना काही खोड त्याच्या नाण्यांवर उतरते. एकात राजाची दाढी आखूड, एकात मुकुटाचा मणी गायब. मी म्हटलं, पण राजा तोच ना? त्यावर स्वारी जी रुसली ती जेवतानाही बोलली नाही.

गेल्या वर्षी यांना भंगारवाल्याच्या ढिगात एक नाणं मिळालं. राजाच्या कानाच्या पाळीवर बारीकसा उंचवटा, कुडी घातल्यासारखा. खूण खोलगट असली तर तो मागाहून बसलेला मार, वर आलेली असली तर ती ठशातलीच, असं यांचं शास्त्र. यांना आभाळ ठेंगणं झालं. नाणेवाल्यांच्या मंडळाची सूची छापायची होती, आणि नव्या ठशाला तो शोधणाऱ्याचं नाव देतात. झाकणांवर काही कुणी यांचं नाव घालणार नव्हतं, त्यामुळे सगळा जीव त्या सूचीत अडकला. पण मंडळाचा नियम कडक: एक नाणं म्हणजे अपघात, दोन म्हणजे ठसा. दुसरं मिळायला हवं होतं, आणि तेही दातांच्या डॉक्टरांच्या आधी. हे डॉक्टर म्हणजे मंडळातले यांचे जुने वैरी. दोघांतून विस्तव जात नाही.

सूची छापायला जायच्या आठवड्यात आम्ही वन्संकडे गेलो. माझ्या या नणंदबाई यांच्याहून बऱ्याच मोठ्या, घरीच कपडे शिवतात. बोलता बोलता यांनी त्यांच्या बटणांच्या डब्यात बोटं घातली आणि एकदम उठून खिडकीशी गेले. हातात चांदीचं नाणं, आणि राजाच्या कानात कुडी. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मी म्हटलं तेही ऐकू गेलं नाही. वन्सं म्हणाल्या, ने, तुझाही हक्क आहेच त्यावर. कसला हक्क, हे विचारायचं भान यांना नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मंडळाला कळवून यांनी सूचीत नावही घालून घेतलं.

मंडळाच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी यांनी वन्संना मुद्दाम बोलावलं. दोन्ही नाणी शेजारी शेजारी ठेवून भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"अरे, ही बाबांच्या कोटाची बटणं. हे दुसरं कुठे मिळालं तुला?"

मामंजींना मी पाहिलेलं नाही, यांनाही ते आठवत नाहीत. वन्संनी सांगितलं, की त्यांना चांदीच्या बटणांची हौस होती, पण राजाचा भारी तिटकारा. त्याचं तोंड दिसायला नको म्हणून त्यांनी सोनाराकडून त्याच बाजूला कड्या झाळून, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडून घेतल्या, अगदी मधोमध. आणि मधोमध येतो राजाचा कान. ते गेले तेव्हा हे रांगत होते. सासूबाईंनी कड्या घासून काढल्या आणि नाणी विकून टाकली. एक तेवढं वन्संनी मागून घेतलं. कुडी म्हणजे घासूनही उरलेला झाळकामाचा थेंब.

हे दोन्ही नाणी उचलून पेटीत ठेवायला लागले. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. माझ्या भांड्यावरचा डाग या माणसाला दारातून दिसतो, आणि हा थेंब वर्षभर दिसला नाही?

बरं नाही म्हणून कळवा, असं मी सुचवून पाहिलं. ऐकलं नाही, तेव्हा मीही बरोबर गेले. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मंडळ जमलं होतं, तिथे हे उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं: ठसा नाही, बटण आहे, माझं नाव काढा. मागे कुणीतरी हसलं. मी डॉक्टरांकडे पाहत होते. आता हा माणूस जखमेवर मीठ चोळणार, याची मला खात्री होती.

डॉक्टर हसत नव्हते. ते उठले, आतल्या खिशातून कागदाची पुडी काढून यांच्यापुढे ठेवली. आत तेच नाणं, तीच कुडी. तेही गुपचूप दुसरं शोधत होते. जन्मभर लोकांच्या दातांत चांदी भरली, पण झाळ त्यांनाही ओळखता आला नव्हता.

"घ्या," ते म्हणाले. "वडिलांचं आहे तुमच्या."

नाण्याच्या तोंडाला बोट लावणं या मंडळींत पाप, कडेनेच धरतात. यांनी ते तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली. कुणी हटकलं नाही.

"बटणं किती होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"ताई म्हणते, पाच."

डॉक्टरांनी वळून खोलीकडे पाहिलं. खुर्च्या सरकल्या, पिशव्यांतून डबे निघाले, आणि सगळं मंडळ डोळ्यांना भिंगं लावून राजाचे कान तपासायला बसलं.