कहूच्या झाडावरचं मोहोळ

आमच्या तांड्यात कुणाच्या अंगात यायला लागलं की बाया लिंबू घेऊन धावायच्या, आणि मी विचारायची — सकाळपासून हिच्या पोटात काही गेलं का? निम्म्या वेळी तेच निघायचं. उपाशी बाई, डोक्यावर ऊन आणि कानाशी ढोल, दुसरं होणार काय! सासू मला टोमण्यानं ‘मास्तरीण’ म्हणायची. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, अक्षरं पुढे नातवंडांच्या पुस्तकांतून उचलली. सांगायचा मुद्दा, भुताखेतांची हौस असलेली बाई मी नव्हे. पण या सदरातले लोकांचे अनुभव वाचते, आणि दर वेळी एक गोष्ट जिभेच्या टोकाशी येऊन थांबते. जिभेच्याच टोकाशी... का ते कळेल.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची दिवाळी नुकतीच गेली होती. पुसदहून घाट चढून वर आलं की लांबच लांब पठार लागतं — साग, कमरेइतकं तिखाडीचं गवत, आणि पुढे एकदम तुटलेला कडा. त्या कड्यावर एक सरकारी बंगला होता. कवेलूचं छप्पर, पुढं रुंद व्हरांडा, मागं वेगळं रसोईघर. आमच्या घरचे तिथं चौकीदार होते, पण कच्चे. म्हणजे पाहुणे आले की काम, पाहुणे गेले की घरी. उरलेले महिने आम्ही दोघं लाकूडतोडीवर कुठं कुठं जायचो, झाडाखाली निजायचो. पहिलं लेकरू माझं असंच उघड्यावर, थंडीनं गेलं. चाळीस दिवसांचं होतं. आता दुसऱ्यांदा दिवस होते, सातवा महिना लागला होता.

बंगल्यामागं चौकीदाराची पक्की खोली होती, रिकामी, कुलूप घातलेली. नोकरी पक्की झाली की ती आमची. मी येता-जाता त्या कुलपाला हात लावायची. मला जगात दुसरं काही नको होतं, खरंच सांगते.

आणि तेव्हाच निरोप आला — एक वकीलसाहेब बाईसाहेबांना घेऊन दहा दिवस येताहेत, वरच्या साहेबांचे खास आहेत. त्यांनी जाताना चांगला शेरा लिहिला तर चौकीदाराला या साली पक्कं करू.

आले बाप्पा! दोन बैलगाड्या भरून सामान. वेताच्या खुर्च्या, गाद्या, चिनीमातीचे कप, पांढऱ्या चादरी. करायचं काय, तर काहीच नाही! साहेबांनी आल्या आल्या हातातलं घड्याळ काढून ट्रंकेत टाकलं. म्हणाले, “आता दहा दिवस वाजले किती, हे कुणी सांगायचं नाही.” सकाळी बाईसाहेब दवात अनवाणी चालायच्या. मग निंबाचा पाला टाकून तापवलेल्या पाण्यानं घंटाभर अंघोळ. मग व्हरांड्यात बसून दरीकडे बघत राहायचं. जेवायला दोन घंटे. एक घास, मग एक ढग बघायचा, मग दुसरा घास.

मी यांना विचारलं, “अजी, हे लोक इतक्या दूर आले कायले?”

“आराम कराले.”

“काहून, घरी खाट नाही का त्याइच्या?”

“चूप राय वो! आयकतीन ना ते. तुले खोली पायजे का नाही?”

“पायजे.”

“मंग पाणी तापव.”

बाईसाहेब स्वभावानं फार गोड होत्या, खोटं कशाला बोलू. मला जवळ बसवायच्या, पोटावरून हात फिरवायच्या. “लच्छी, मुलगी झाली तर मला कळवशील ना गं?” असं विचारायच्या. त्यांना मूल नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फिरायला गेलेले साहेब परतले ते खूष होऊन. नाल्याकाठच्या कहूवर, म्हणजे अर्जुनाच्या झाडावर, त्यांना मोठं आग्यामोहोळ दिसलं होतं. “चौकीदार, उद्या ते उतरवा. रानात यायचं आणि रानचा मध खायचा नाही, म्हणजे काय!”

आमच्या घरच्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, “साहेब, कड्याखाली याच्याहून मोठं आहे, ते आणतो.”

“नाही नाही, हेच. आम्ही स्वतः शोधलंय.” आणि बाईसाहेबांकडे बघून हसले.

आता त्या कहूचं सांगायला पाहिजे. आमचे लोक पूर्वी बैलांवर मीठ, धान्य लादून देशोदेशी फिरायचे. मामाजींच्या — म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या — आज्याचा एक पुढला बैल होता. पांढरा, गळ्यात घुंगरांची माळ. तो चालला की मागचे शंभर बैल चालायचे. तो त्या नाल्याशी मेला. त्याला पुरलं, वर दगडांची रास केली, आणि त्या राशीतून हे कहूचं झाड वर आलं. मामाजी म्हणायचे, “त्याचं आंग त्या झाडात चढलं. त्याच्यातलं काही तोंडात टाकाचं नाही.” आमच्या तांड्यातलं कुणी त्या झाडाची दातनाची काडी मोडत नव्हतं. शेळीनं पाला ओढला तर तिला हाकलायचे. मला ते हसू यायचं, पण रीत म्हणून मीही पाळायची.

त्या दिवशी रसोईघरात हे डोकं धरून बसले. “कसं करू? नाही म्हटलं त शेरा जाते. हो म्हटलं त बुढा मले घरात घेत नाही.”

आणि तोड कुणी काढली? मी! मास्तरीण ना मी. म्हटलं, “बंधन कोनाले हाये? आपल्याले. बैल आपला होता, त्याइचा थोडीच होता? ते खातीन, आपन तोंडाले लावाचं नाही. झालं!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “खरंच वो.” त्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला. इतकं साधं होतं!

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर हे धूर करून झाडावर चढले. आग्या म्हणजे काय ते आमच्याकडे लेकराला माहीत असतं — माणूस मरतं. पण एक माशी त्यांना चावली नाही. पोळं उतरवलं, पितळी परातीत ठेवून आणलं. लालभडक, काळसर मध. रसोईघरात मी पंच्यात घालून पिळायला घेतलं... आणि वास आला.

कसा सांगू? भादव्यात नाल्यात जनावर मरून पडतं, तिसऱ्या दिवशी पोट फुगून फुटतं, तेव्हा वारा तिकडून आला तर कसं होतं? तसा. तो नाकात येत नाही, घशात उतरतो. मला वाटलं, उंदीर मेला असेल कुठं. सगळी फळी रिकामी केली, चुलीमागची राख काढली. काही नाही. परत परातीशी आले, तर वास तिथंच. हात धुतले, राखेनं घासले, तरी बोटांना वास. हे दारात आले आणि दुपट्टा नाकाला लावून मागं सरले.

“काय मेलं वो अंदर?”

“तुमालेही येऊन राह्यला?”

तेवढ्यात बाईसाहेब आल्या. मी पदरानं परात झाकायला गेले, तर त्यांनीच पदर बाजूला केला, खाली वाकल्या, डोळे मिटून लांब श्वास ओढला. मी ओकारी दाबून उभी. आणि त्या म्हणतात कशा, “अहाहा! फुलांचा वास आहे गं नुसता!”



त्या दिवसापासून तो मध साहेबांच्या प्रत्येक जेवणात. भाकरीवर, दुधात, सीताफळाच्या गरावर, आणि नुसता वाटीत. मी नाक दाबून वाटी भरायची, तोंडानं श्वास घेत व्हरांड्यात न्यायची. त्या मधाला मुंगी लागत नव्हती. एक माशी बसत नव्हती. आणि रोज गाळलेल्या मधात परत केस निघायचे. आखूड, पांढरे, राठ. आमच्या जातीला बैलाचा केस ओळखायला शिकवावं लागत नाही. मी चिमटीनं काढायची, पंच्यानं परत गाळायची, तरी दुसऱ्या दिवशी तेच. एकदा साहेबांच्या ओठाला एक चिकटलेला मी समोरून पाहिला. त्यांनी बोटानं काढला, टेबलाला पुसला आणि चमच्याकडे परत वळले. सावकाश, दरीकडे बघत. मधाचा तंतू हनुवटीवर लोंबत होता, तो जिभेनं वर घेतला. ती जीभ मला आजही दिसते. शी!

“असं सुख कुठं नाही,” बाईसाहेब म्हणायच्या. दोघांचे चेहरे तकतकीत झाले होते. तब्येती सुधारत होत्या. इकडे आम्हाला अन्न जात नव्हतं. हे म्हणायचे, “चार दिवस आहेत... तीन आहेत... काढ वो कसे तरी.”

शेवटच्या दिवशी दुपारी बाईसाहेबांनी मला व्हरांड्यात बोलावलं. वाटीत थोडा मध उरला होता.

“लच्छी, इतके दिवस तू आम्हाला वाढलंस, स्वतः कधी चाखला नाहीस. आज माझ्या हातचा घे.”

“उपास हाये बाईसाहेब.”

“सकाळी तर भाकरी खाताना पाहिलं मी तुला.” त्या हसल्या. “घे गं, पोटातल्या बाळाला चांगला.”

मी दोन पावलं मागं सरले. साहेबांनी दरीवरची नजर काढली. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“का खात नाही? काही मिसळलंय का यात?”

त्या काळी आमच्या लोकांबद्दल शिकलेल्या माणसांच्या मनात काय काय असायचं, ते मी लिहीत बसत नाही. तो आवाज ओळखीचा होता एवढंच. शेऱ्याचं पुस्तक त्यांच्या मांडीजवळ उघडं पडलेलं, पेनाचं टोपण काढलेलं. आमच्या घरचे पायरीशी पाण्याची बादली घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, हा माणूस काहीतरी बोलेल, काही कारण काढेल.

ते म्हणाले, “खाय ना वो. बाईसाहेब एवढ्या म्हणून राह्यल्या त.”

बाईसाहेबांनी चमचा माझ्या तोंडात घातला.

मी जीव मुठीत धरला होता, की आता ओकणार, साहेबांच्या पांढऱ्या चादरीवर ओकणार. आणि... वास गेला. दिवा विझवावा तसा गेला. तोंडात जे होतं, तितकं गोड मी जन्मात काही खाल्लेलं नव्हतं. दात, हिरड्या, घसा, सगळं गोड. मी चमचा सोडेना. बाईसाहेब हसायला लागल्या. मग मी त्यांच्या हातातली वाटी घेतली — मागितली नाही, घेतली — आणि बोट फिरवून पुसून खाल्ली. तेवढ्यानं भागेना, तर वाटीत तोंड घालून चाटली. सगळ्यांसमोर. जिभेला एक केस लागला, तोही गिळला. कळत होतं मला, केस आहे ते. गिळला.

मान वर केली तर हे बादली टाकून अंगणाच्या कडेला ओकत होते.

“याला काय झालं?” साहेब म्हणाले.

“ऊन लागलं असेल,” मी म्हटलं. ओठ चाटत म्हटलं.

शेरा चांगला लिहिला. महिन्याभरात नोकरी पक्की झाली, कुलूप निघालं. लेक त्याच खोलीत झाली, थंडीतच, आणि वाचली. चांगली साडेतीन किलोची वाटेल अशी. आज ती स्वतः आजी आहे. बाईसाहेबांना कळवायचं मात्र माझ्यानं झालं नाही.

पण त्या दुपारपासून आमच्या घरचे माझ्याजवळ बसेनात. मी बोलायला तोंड उघडलं की मान वळवायचे, दुपट्टा नाकाशी जायचा. लेकीवर जीव होता त्यांचा, पण ती अंगावर प्याली की अर्धा घंटा तिला हातात घेत नव्हते. स्वतःची भाकरी स्वतः थापायचे. माझ्या हातची एक भाकरी पुढं त्यांनी खाल्ली नाही. तांड्यातल्या बाया म्हणायच्या, “मास्तरीणबाई, नशीब काढलं! नवरा चुलीशी अन् बाई बाजंवर!” मी हसायची. हसताना तोंडावर पदर धरायची.

शेवटच्या आजारात लेक त्यांना पेज भरवायची. एकदा ती पाणी आणायला गेली म्हणून मी चमचा पुढं केला. बोलता येत नव्हतं त्यांना, हात हलत नव्हता. पण दात घट्ट मिटले, आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, “खाय म्हणनारे कोन होते? तुमीच ना?” त्यांनी डोळे मिटून घेतले.

नातू म्हणतो, आजी, गरोदरपणात नाक बिघडतं. असेल बाबा. पण तुझा आजा काही गरोदर नव्हता! मग तो म्हणतो, मनाचे खेळ. तेही असतील. दोन माणसांच्या नाकाला एकाच वेळी एकच खेळ कसा सुचला, आणि मुंग्यांना कुणी सांगितलं, ते त्याला सांगता येत नाही. मलाही येत नाही. साठ वर्षं झाली, विचार करून थकले.

तो वास मला परत कधी आला नाही. आणि मध मी परत कधी खाल्ला नाही. तुम्हाला वाटेल, किळस म्हणून. नाही हो... लेकीनं एकदा शहरातून बाटली आणली होती, तिचं झाकण मी उघडलं, वास घेतला आणि परत लावलं. तसा गोड लागणार नाही, हे कळलं म्हणून.